सांधा

बाक ओकचं. साडेसोळा फूट.
बाराजण मांडीला मांडी लावून बसतील
आणि टोकाच्याला डुलकी लागली तर तो पडेल,
एवढंच.
मीच केलं होतं, न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटीच्या कोर्टासाठी,
युद्धाआधी, राजाच्या पैशाने.

मग राजा गेला.
आमच्या विधानसभेने कायदा केला:
शत्रूकडचा माल पकडला गेला
तर ज्यूरीत सहाजण पुरेत.
घाई होती. माणसं आघाडीवर होती. कारण खोटं नव्हतं.
शेरीफ म्हणाला, सहाजणांना हे बाक ओसाड दिसतं,
काप.

मी कापलं.
करवतीचं दुसरं टोक क्वाकोच्या हातात.
तो ब्रिंकरहॉफांचा गुलाम, माझ्याकडे भाड्याने.
भाडं मी ब्रिंकरहॉफांना द्यायचो.
"उरलेलं अर्धं कुठे ठेवू?"
"माळ्यावर."
तिथे कोंबड्या बसू लागल्या.

नोव्हेंबरात आन्ट्ये टेरह्यूनचं रेशीम पकडलं.
सात ताके, चहाची एक पेटी,
आणि लवंगांची पुरचुंडी, जिचा वास
कोर्टात चार दिवस रेंगाळला.
कॅप्टन म्हणाला, नदीपलीकडून, इंग्रजांकडून आलंय.
आन्ट्ये म्हणाली, नवरा गेला त्याच्या आधीचं आहे.
खरं काय ते देव जाणे.
रेशीम फार नवं दिसत होतं.
सहाजण बसले, तासाभरात उठले,
रेशीम गेलं.

तिचा वकील लिफर्ट हेरिंग, तोतरा.
वरच्या कोर्टात त्याने एकच प्रश्न विचारला,
तोही तीनदा अडखळून:
आपल्या संविधानात ज्यूरी लिहिलीय ती
ज्यूरी म्हणजे किती माणसं?

उत्तराला दहा महिने लागले.
न्यायाधीश जोराम क्विम्बी, गुडघेदुखीचा माणूस,
टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवून म्हणाला:
या कागदातून विधानसभा जन्मली.
हा दुसरा विधानसभेने जन्माला घातला.
दोघांचं जमत असेल तर मी कोण बोलणारा?
जमत नसेल, तर मला आजीचं ऐकावं लागेल.
नातवाचा हुकूम या खोलीत चालणार नाही.
मग तो खोकला, आणि त्याने पाणी मागितलं.

गाव पेटलं.
आम्ही अनवाणी लढायचं, आणि हा रेशीम सोडणार?
विधानसभा आम्ही निवडली. याला कुणी निवडलं?
अर्जावर साठेक सह्या झाल्या.
त्यातली अकरावी माझी.
ती मी अजून मागे घेतलेली नाही.
पण कुंपण शेत खायला लागलं
तर ओरडायचं कुणी,
हेही मला कुणी सांगितलेलं नाही.

शेरीफ आला. बाक जोड म्हणाला.
माळ्यावरचा अर्धा भाग उतरवला, शिटा खरवडल्या.
दोन वर्षांत लाकूड वेगळंच फुगलं होतं,
रंगही उतरलेला.
तिरपा सांधा घेतला, चार खुंट्या, माशाचा सरस.
त्यात वीतभर लांबी गेली.
बाराजण आता जरा दाटीनेच बसतात,
आणि सहावा की सातवा,
ज्याच्या वाट्याला ती उंचवट्याची रेघ येते,
तो दिवसभर चुळबुळतो.

परवा नातू आला, शहरात कायदा शिकतो.
म्हणाला, हे सगळं पुढे राजधानीत सुरू झालं,
मोठ्या कोर्टात, मोठ्या शब्दांत.
असेल.
मी त्याला बाक दाखवलं नाही.

त्या बाकावर बसायचा हक्क क्वाकोला नव्हता.
कोणत्याच कागदात नव्हता,
आजीच्या नाही, नातवाच्या नाही.
एकदाच बसला तो.
सरस वाळेपर्यंत सांध्यावर वजन हवं होतं,
दगड हाताशी नव्हते,
मी म्हणालो, बस.

तो बसला,
बरोबर रेघेवर,
हात गुडघ्यांवर ठेवून, रिकाम्या कोर्टात,
सकाळपर्यंत.